ताऱ्यांच्या फोटोतली रेष कुठून आली? नाशिकच्या आकाशाखाली रेषा आणि नॉइज शोधायची रीत

गच्चीवरून काढलेल्या फोटोत ज्या पट्ट्या कधी दिसल्या नाहीत, त्या त्र्यंबकच्या पुढे अंधारात जाऊन काढलेल्या फोटोत दिसायला लागतात. नाशिकमध्ये ताऱ्यांचे फोटो काढायला लागलेल्यांची ही नेहमीची तक्रार. कॅमेरा तोच, लेन्स तीच, आकाश गंगापूर रोडपेक्षा कितीतरी काळं. मग फोटो खराब का? संशय लगेच सेन्सरवर जातो आणि कॅमेरा विकायच्या गोष्टी सुरू होतात.

सेन्सर दोन्हीकडे सारखाच वागलेला असतो. शहरात आकाशाचाच उजेड एवढा असतो की त्या उजेडाच्या नॉइजमध्ये (दाणेदार गोंगाटात) सेन्सरच्या फिकट पट्ट्या बुडून जातात. अंधाऱ्या जागी हा उजेड कमी होतो, एक्स्पोजर मात्र आपण गच्चीवरचंच ठेवतो. घरी येऊन फोटो ताणला (म्हणजे फिकट भाग उजळवला) की मुळातच असलेल्या पट्ट्या वर येतात. तिथे एक्स्पोजर दुप्पट-चौपट वाढवलं असतं तर निम्मी तक्रार जागेवरच मिटली असती.

फोटोतल्या प्रत्येक रेषेला कुणीतरी धनी असतो: आकाशातून गेलेली वस्तू, लेन्स, माउंट (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारं यंत्र), सेन्सर, वीजपुरवठा, नाहीतर आपणच चालवलेलं सॉफ्टवेअर. धनी सापडला तर उपाय बहुतेक वेळा फुकटात होतो. तो न शोधता नॉइज रिडक्शनचा स्लायडर ओढला तर रेष नुसती मऊ होते आणि फिकट तारे मात्र कायमचे जातात.

आधी तीन चाचण्या

स्टॅक करून (अनेक फ्रेम एकावर एक रचून) ताणलेला तयार फोटो बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बघून तर निदान करूच नका. तिथे फोटो दाबला जातो आणि आकाशाच्या हलक्या छटांमध्ये नसलेल्या पट्ट्या तयार होतात. कुणाला दाखवायचाच असेल तर मूळ रॉ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पहिली चाचणी: सगळ्या रॉ फ्रेम सिरिलमध्ये उघडा (सॉफ्टवेअर मोफत आहे), ऑटोस्ट्रेच लावा आणि एकामागून एक भरभर पळवून बघा. रेष एकाच फ्रेममध्ये असेल तर काहीतरी समोरून गेलं. ती प्रत्येक फ्रेममध्ये असेल आणि तारे सरकले तरी फ्रेमच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर राहत असेल, तर ती सेन्सरची किंवा सेन्सरवरच्या केसाकचऱ्याची. ताऱ्यांना चिकटून त्यांच्याबरोबर हलत असेल तर लेन्सची किंवा दुर्बिणीची. आणि सुट्या एकाही फ्रेममध्ये दिसत नाही, फक्त स्टॅकमध्येच उगवते, असं असेल तर दोन संशयित उरतात: तुमचे फ्लॅट (पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो), नाहीतर फ्रेममधलं हळूहळू सरकणं. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईलच.

दुसरी चाचणी: लेन्सला झाकण लावा, तोच आयएसओ, तेवढंच एक्स्पोजर, आणि चार-पाच फ्रेम घ्या. डीएसएलआर असेल तर मागची व्ह्यूफाइंडरची खिडकीही काळ्या कापडाने झाका, नाहीतर तिथून शिरलेला टॉर्चचा उजेड तुम्हाला भलत्याच वाटेला नेईल. झाकण लावूनही पट्ट्या आल्या तर आकाश, लेन्स, फिल्टर, रस्त्यावरचे दिवे हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले.

तिसरी चाचणी: त्याच लक्ष्यावर कॅमेरा ९० अंश फिरवून दोन फ्रेम घ्या. पट्टी फ्रेमच्या हिशेबाने आडवी होती आणि अजूनही आडवीच असेल तर ती कॅमेऱ्याच्या आतली. फ्रेममध्ये उभी झाली तर बाहेरची. या तिन्ही चाचण्यांना मिळून चहा होईपर्यंतचा वेळ लागतो, तरीही बहुतेक जण त्या टाळतात.

एकाच फ्रेममधल्या रेषा

फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली, सगळीकडे सारख्या जाडीची रेष म्हणजे उपग्रह. एकाच रेषेवर ठरावीक अंतराने ठिपके असतील, शेजारी दुसरी समांतर रेष असेल, लाल-हिरवी छटा असेल तर विमान. मुंबईहून उत्तरेकडे जाणारी विमानं आपल्या डोक्यावरून जातातच. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही.

दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली, हिरवट सुरुवात असलेली रेष मिळाली तर आनंद माना, ती उल्का आहे. ती फ्रेम वेगळी जपून ठेवा, कारण स्टॅक करताना सॉफ्टवेअर तिलाही कचरा समजून काढून टाकतं. आपल्याकडे ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव पावसात वाहून जातो, त्यामुळे १३-१४ डिसेंबरच्या आसपासचा मिथुनेचा उल्कावर्षाव हाच खरा हातात येणारा.

स्टारलिंकसारखे साधारण ५५० किलोमीटरवरचे उपग्रह आपल्याला दिसतात ते त्यांच्यावर ऊन पडतं म्हणून. नाशिकच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर दीड-पावणेदोन तासांत डोक्यावरचा भाग त्यांच्यासाठीही सावलीत जातो. पश्चिमेकडे थोडा वेळ जास्त. पहाटे याच्या उलट. म्हणून ज्या लक्ष्यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची आहे ते रात्री नऊनंतर ते पहाटे चारच्या दरम्यान घ्या आणि संध्याकाळचा वेळ फोकस, ध्रुवाची जुळवणी (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे करणं), फ्रेमिंग यांत घालवा.

आलेली उपग्रहाची रेष काढणं सोपं आहे. स्टॅकिंगमध्ये साधी सरासरी न घेता सिग्मा क्लिपिंग निवडा; सिरिलमध्ये विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग असतं, डीपस्काय स्टॅकरमध्ये कॅपा-सिग्मा. इतर फ्रेममध्ये नसलेलं, एकाच फ्रेममध्ये उजळलेलं पिक्सेल ते बाद करतं. अट एवढीच की फ्रेम १५-२० तरी हव्यात. पाच मिनिटांच्या सहा फ्रेम घेण्यापेक्षा एका मिनिटाच्या तीस घेतलेल्या बऱ्या, निदान रेषांच्या बाबतीत. फ्रेम टाकून देऊ नका. एका रेषेपायी अख्ख्या फ्रेमचा उजेड वाया घालवायचं कारण नाही.

शेतात बसून फोटो काढत असाल तर आणखी एक प्रकार भेटतो: रात्री पाणी भरायला निघालेल्याच्या बॅटरीचा झोत. त्याची रेष येत नाही, पण त्या एका फ्रेमचा एक कोपरा उजळ होतो. ती फ्रेम मात्र काढून टाका.

मृगातल्या आखूड रेघा

हिवाळ्यात २०० मिलिमीटरची लेन्स ट्रॅकरवर (ताऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या छोट्या माउंटवर) लावून मृगातले बाणाचे तीन तारे आणि खालचा तेजोमेघ एका फ्रेममध्ये घेणं हा सगळ्यांचा आवडता कार्यक्रम. अशा फोटोत अनेकदा आखूड, एकमेकींना समांतर, सारख्याच लांबीच्या रेघा दिसतात, त्याही रात्रभर, अगदी मध्यरात्रीसुद्धा. पुष्कळ जण याला हॉट पिक्सेल (सेन्सरवरचे कायम उजळ ठिपके) किंवा ट्रॅकिंगची चूक समजतात.

हे भूस्थिर उपग्रह. ते विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. आपण विषुववृत्ताच्या २० अंश उत्तरेला, त्यामुळे आपल्याला त्यांची रांग खगोलीय विषुववृत्तावर न दिसता थोडी दक्षिणेला, साधारण उणे साडेतीन अंश क्रांतीवर (क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) दिसते. बाणाचे तीन तारे उणे दोन अंशांच्या आत आहेत आणि तेजोमेघ उणे साडेपाचच्या आसपास. म्हणजे नाशिकहून पाहिलं तर ही रांग बरोबर बाण आणि तेजोमेघ यांच्या मधून जाते. उपग्रह जमिनीच्या हिशेबाने जागच्या जागी असतो आणि आपला ट्रॅकर ताऱ्यांमागे सेकंदाला १५ विकला (एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला) या वेगाने फिरत असतो. ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये त्याची रेघ १५ कलांची होते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढी.

ओळखायची खूण सोपी आहे. रेघेची लांबी मोजा, एक्स्पोजर निम्मं करा, पुन्हा मोजा. लांबीही निम्मी झाली तर भूस्थिर उपग्रह. आणखी खात्री हवी असेल तर ट्रॅकर बंद करून एक फ्रेम घ्या: तारे रेघा होतील आणि मघाच्या रेघा ठिपके होतील. उपाय सिग्मा क्लिपिंगच. मात्र एक गोची आहे. एका फ्रेममधली रेघ जिथे संपते तिथूनच पुढच्या फ्रेममध्ये सुरू होते, आणि ओळीने असे उपग्रह बरेच असतील तर क्लिपिंगनंतरही फिकट पट्टा मागे उरतो. अशा वेळी क्लिपिंगची वरची मर्यादा ३ वरून २.५ किंवा २ पर्यंत खाली आणून बघा.

आडव्या-उभ्या पट्ट्या: सेन्सर आणि वीज

झाकणाच्या चाचणीत पट्ट्या आल्या असतील तर आता एकच प्रश्न: त्या प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी आहेत की दर फ्रेमला बदलतात?

त्याच जागी असतील तर काळजी नको. सेन्सर वाचताना काही ओळी किंवा स्तंभ कायम थोडे उजळ येतात, एखाद्या कोपऱ्यात सर्किटच्या उष्णतेची चमक येते. डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या) वजा केल्या की हे निघून जातं. डार्कचा आयएसओ, एक्स्पोजर आणि तापमान मूळ फ्रेमइतकंच हवं. शेवटची अट लोक विसरतात. जानेवारीत संध्याकाळी सात वाजता आणि पहाटे पाच वाजता नाशिकच्या हवेत दहा अंशांचा फरक सहज पडतो. सगळे डार्क पहाटे सामान आवरताना घेतले तर ते संध्याकाळच्या फ्रेमना लागू पडत नाहीत. थोडे मध्यरात्री लक्ष्य बदलताना घ्या, थोडे शेवटी.

जागा बदलणाऱ्या पट्ट्यांवर डार्कचा इलाज चालत नाही. तिथे विजेकडे बघायचं. कॅमेरा स्वतःच्या बॅटरीवर, एकही केबल न लावता, झाकण लावून पाच फ्रेम घ्या. पट्ट्या गेल्या? मग एकेक वस्तू जोडत चला आणि दर वेळी पाच फ्रेम: आधी यूएसबी केबल, मग डमी बॅटरी, मग दव घालवायचा हीटर, मग लॅपटॉपचा चार्जर. ज्या पायरीवर पट्ट्या परत आल्या ती वस्तू गुन्हेगार. दोन वस्तू एकदम जोडायची घाई केली तर सगळा खटाटोप पहिल्यापासून.

सर्वांत जास्त वेळा सापडतो तो दवाचा हीटर. कंट्रोलरवाला हीटर कमी आचेवर ठेवला की तो प्रवाह सतत चालू-बंद करतो आणि एकाच बॅटरीवर असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत ही धडधड पोचते. कंट्रोलर पूर्ण किंवा शून्यावर ठेवून बघा. पट्ट्या नाहीशा झाल्या तर खात्री झाली. हीटरला वेगळी पॉवर बँक द्या, विषय संपला. हीटर काढून ठेवणं हा उपाय नव्हे. वैतरणेच्या पाण्याजवळ बसून हीटरशिवाय फोटो काढायचे म्हटलं तर तासाभरात लेन्स पांढरी होते.

दुसरा नंबर गाडीतल्या इन्व्हर्टरचा. गाडीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे आणि ॲडॉप्टर लावून त्याचे परत १२ करायचे, यात दोनदा गोंगाट आत येतो. माउंटला आणि कूल्ड कॅमेऱ्याला वेगळ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. शेतावरच्या घरातून वायर ओढत असाल तर तिथल्या बोर्डाच्या अर्थिंगचा भरवसा धरू नका. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवरच चालवा. लांबलचक यूएसबी एक्स्टेन्शन आणि स्वस्तातले हब हेही याच यादीत.

वीज निर्दोष ठरली आणि तरी बारीक पट्ट्या येतात, असं जुन्या डीएसएलआरमध्ये होतं. मग सुरुवातीला सांगितलेलं औषध: एक्स्पोजर वाढवा. कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणाऱ्या हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या भिंतीपासून सुटून साधारण पाव अंतरावर आला पाहिजे. गच्चीवर हे ३० सेकंदांत होत असेल तर पेठ-सुरगाण्याकडे त्याच लेन्सला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. डोंगर भिंतीला टेकलेला असेल तर पट्ट्या येणारच. आयएसओ ८०० ते १६०० पुरेसा असतो. ६४०० करून स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, पण जास्तीचा उजेड आत येत नाही, उलट ठळक तारे पांढरे होऊन त्यांचे रंग जातात.

कॅमेऱ्याच्या मेनूतल्या दोन गोष्टी बंद करून ठेवा. एक, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन: तो प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ डार्क घेत बसतो आणि निम्मी रात्र खातो. दोन, लेन्सच्या काळवंडलेल्या कडा उजळवणारं करेक्शन: काही कॅमेऱ्यांत ते रॉ फाइललाही हात लावतं आणि ताणलेल्या फोटोत रंगीत, एकात एक बसलेली वर्तुळं उमटतात. कॅमेऱ्याचा सायलेंट शटरही तपासा, काही मॉडेलमध्ये तो १४ ऐवजी १२ बिटच साठवतो.

फ्लॅटमधून आलेल्या पट्ट्या

सुट्या फ्रेम स्वच्छ, डार्क स्वच्छ, आणि स्टॅकमध्ये रुंद, मऊ पट्ट्या? फ्लॅट उघडून बघा आणि ऑटोस्ट्रेच करा. अनेकदा चोर तिथेच सापडतो.

फ्लॅट म्हणजे सारख्या उजेडाच्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो. लेन्सच्या काळवंडलेल्या कडा आणि सेन्सरवरची धूळ काढायला तो लागतो. घरी येऊन एलईडी पॅनेल किंवा टॅबलेटसमोर तो घेतला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मंद केलेला एलईडी आणि स्क्रीन त्याहूनही जास्त वेगाने लुकलुकतात. डोळ्यांना काही कळत नाही. पण फ्लॅटचा शटर १/५०० ठेवला आणि सेन्सर ओळीओळीने उजेड टिपत गेला, की काही ओळी दिव्याच्या उजळ क्षणी नोंदल्या जातात आणि काही मंद क्षणी. तयार झाले पट्टे. मग सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक फ्रेमला या पट्टेदार फ्लॅटने भागतं आणि रात्रभर स्वच्छ मिळालेल्या आकाशावर पट्टे उमटवतं.

उपाय: पॅनेलचा ब्राइटनेस पूर्ण ठेवा, त्यावर पांढऱ्या कागदाचे जाड थर चढवा आणि फ्लॅटचं एक्स्पोजर एक सेकंद किंवा जास्त येईल असं करा. एका सेकंदात शंभर लुकलुक सरासरीत मिटून जातात. त्याहून चांगला आणि फुकटचा मार्ग म्हणजे उजाडताना, सूर्य वर यायच्या आधी, लेन्सवर जुना पांढरा सुती टीशर्ट ताणून बांधायचा, लेन्स डोक्यावरच्या आकाशाकडे करायची आणि वीस-तीस फ्रेम घ्यायच्या. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन रात्रीचाच हवा, त्यामुळे सामान आवरण्याआधी हे उरका. ढग असतील तरी चालतं.

तिरका पाऊस

स्टॅकमध्ये सगळ्या फ्रेमवर एकाच दिशेने बारीक ओरखडे, तिरका पाऊस पडत असल्यासारखे. सगळ्यात जास्त फोटो यानेच खराब होतात, आणि एकेक फ्रेम तपासून हे कधीच सापडत नाही, कारण प्रत्येक फ्रेम निर्दोष असते.

हिशेब करून बघू. १३५ मिलिमीटरची लेन्स, साधारण ३.९ मायक्रॉनचे पिक्सेल: एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या ६ विकला मावतात. ध्रुवाची जुळवणी अर्ध्या अंशाने चुकली तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त ८ विकला सरकतात. एका मिनिटाच्या फ्रेममध्ये सव्वा पिक्सेल. तारा गोलच दिसतो, आपण खूश. पण तासाभरात हेच सरकणं ऐंशी पिक्सेलचं होतं. स्टॅक करताना सॉफ्टवेअर तारे एकमेकांवर बसवतं, त्यामुळे सेन्सरचे जागेला खिळलेले डाग ताऱ्यांच्या उलट दिशेला ऐंशी पिक्सेल ओढले जातात. ते ओढलेले डाग म्हणजे हा पाऊस. जास्त फ्रेम घेतल्याने तो कमी होत नाही, फक्त लांबतो.

याचं औषध डिदरिंग: दर एक-दोन फ्रेमनंतर माउंटला कुठल्याही दिशेला थोडं हलवायचं, म्हणजे डाग दर वेळी वेगळ्या जागी पडतात आणि क्लिपिंग त्यांना वेचून काढतं. गाइडिंग (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने तारा धरून माउंट सुधारत राहणं) असेल तर पीएचडी-२ हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर आणि तुमचं कॅप्चर सॉफ्टवेअर हे आपोआप करतात. सरकवणं फोटोच्या कॅमेऱ्यावर १०-१५ पिक्सेल होईल एवढं ठेवा. गाइडकॅमेऱ्याच्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ सहसा कमी असते, तिथले २ पिक्सेल मुख्य कॅमेऱ्यावर किती होतात ते आधी काढून घ्या. साधा ट्रॅकर असेल तर दर आठ-दहा फ्रेमनंतर बॉलहेड किंवा ट्रॅकरचं बटण वापरून हातानेच फ्रेम किंचित सरकवा, कधी पूर्वेला कधी उत्तरेला. दर वेळी एकाच दिशेला सरकवलं तर आपणच नवा पाऊस पाडला.

मुळाकडेही बघायला हवं. आपल्याकडे ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर. ब्रह्मगिरीच्या किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी दक्षिण बाजूला बसलात तर तो डोंगराआड जातो. सिन्नरच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेड वायव्येला, ध्रुवाच्या शेजारीच. उत्तर मोकळी आणि काळी हवी असेल तर पेठ, सुरगाणा किंवा हरसूलकडची पठारं चांगली. एवढ्या कमी अक्षांशावर माउंटचं काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला घासू शकतं, तेव्हा अंधार पडायच्या आधी माउंट पूर्ण फिरवून बघा. घासलं तर त्या क्षणापासूनच्या फ्रेम गेल्या.

तारेच रेघ झाले असतील तर

सगळे तारे एकाच दिशेने लांबट: ध्रुवाची जुळवणी किंवा एक्स्पोजर जास्त. ट्रॅकरशिवाय काढत असाल तर ५०० ला फोकल लेंग्थने भागायचा जुना नियम आजच्या बारीक पिक्सेलना ढिला पडतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर (लहान सेन्सर, म्हणून फोकल लेंग्थ दीडपट धरून) ५० मिलिमीटरला तो जवळजवळ ७ सेकंद सांगतो, आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा तेवढ्यात सहाहून अधिक पिक्सेल सरकलेला असतो. निम्मा वेळ धरा.

कोपऱ्यांतच तारे ताणलेले, मध्ये गोल: लेन्स; ॲपर्चर एक-दोन स्टॉप बंद करा. ठळक ताऱ्यांतून चार किंवा जास्त किरण निघतात: न्यूटोनियन दुर्बिणीच्या आतल्या पट्ट्या किंवा लेन्सच्या पाकळ्या, यात दोष काही नाही. पण बाल्कनीतून काढलेल्या फोटोत ताऱ्यांना एक जादा किरण दिसला तर समोरून केबलवाल्याची वायर गेली आहे का बघा.

दाणेदार नॉइज

रेषा सुटल्या की उरतो तो दाणेदारपणा. त्याचा मोठा भाग आकाशाच्या उजेडाचाच असतो आणि तो फक्त जास्त वेळ देऊन कमी होतो: चौपट फ्रेम, निम्मा नॉइज. गच्ची आणि अंधारी जागा यांच्या आकाशात तीन प्रतींचा (प्रत म्हणजे ठळकपणाचं एकक) फरक असेल तर आकाशाचा उजेड जवळजवळ सोळा पट. अंधारातल्या एका तासाचं काम गच्चीवर सोळा तासांचं. पेट्रोलचा खर्च या हिशेबात घालून बघा.

गच्चीवरूनच काढायचं असेल तर ६५६ आणि ५०१ नॅनोमीटरचा ड्युअल नॅरोबँड फिल्टर (फक्त या दोन रंगांचा उजेड आत सोडणारा) तेजोमेघांना खूप उपयोगी. देवयानी दीर्घिकेला किंवा कृत्तिकांना त्याचा उपयोग नाही. सोडियमचे पिवळे दिवे अडवणारे जुने फिल्टर रस्त्यांवर पांढरे एलईडी आल्यापासून जवळजवळ निकामी झालेत. लोडशेडिंग झालं तर तेवढा वेळ मात्र सत्कारणी लावा. शहराबाहेर पश्चिमेला गेलात तर नाशिकचा उजेड पूर्वेला राहतो, म्हणून लक्ष्य डोक्यावरून पश्चिमेकडे झुकल्यावर फ्रेम घ्या.

दुसरा भाग उष्णतेचा. सेन्सरचा उष्णतेचा प्रवाह दर सहा-एक अंशांना दुप्पट होतो. जानेवारीतली १० अंशांची रात्र आणि मे महिन्यातली २५ अंशांची रात्र यांत साडेपाच पटींहून जास्त फरक पडतो. आपलं दुर्दैव असं की वृश्चिक-धनूतली आकाशगंगा रात्री नीट दिसते तीच उन्हाळ्यात, आणि जूनमध्ये पाऊस येतो. थंड केलेला कॅमेरा नसेल तर लाइव्ह व्ह्यू बंद ठेवा, घडीचा स्क्रीन कॅमेऱ्यापासून उघडून ठेवा, दोन फ्रेममध्ये १५-२० सेकंद विश्रांती द्या, आणि डार्क त्याच रात्री घ्या. थंडीतही सुख पूर्ण नसतं: निफाड-दिंडोरीकडे पारा फार उतरला की द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटतात आणि धुरामुळे आकाश पांढुरकं होतं. अशा रात्री पहाटेच्या फ्रेम वेगळ्या ठेवा आणि त्यांच्यासह व त्यांच्याशिवाय असे दोन स्टॅक करून तुलना करा.

सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी

क्रम असा ठेवा: डार्क-फ्लॅट लावणं, तारे जुळवणं, क्लिपिंगसह स्टॅक, सरकण्यामुळे खराब झालेल्या कडा कापणं, आकाशाचा उतार, म्हणजे एका कडेकडे वाढत जाणारा उजेड, काढणं (सिरिल किंवा ग्राक्सपर्ट, दोन्ही मोफत), रंग, नॉइज रिडक्शन, आणि मग ताणणं. सिरिलमधलं बँडिंग रिडक्शन आडव्या पट्ट्यांवर चालतं, पण मोठा तेजोमेघ असेल तर त्यालाच पट्टी समजून खोडतं. कमी प्रमाणात वापरा. एआयवाल्या डीनॉइजला उरलेला तिरका पाऊस दिला तर तो त्याला धूळमेघाचे धागे समजून आणखी ठसठशीत करतो.

एवढं करूनही झाकण लावलेल्या, स्वतःच्या बॅटरीवरच्या, केबल नसलेल्या कॅमेऱ्यात ठळक, जागा बदलणाऱ्या पट्ट्या येत राहिल्या तर कॅमेरा सर्व्हिस सेंटरला न्यावा लागेल. तिथे दिवसाउजेडी एक फोटो काढून “काही प्रॉब्लेम नाही” असं सांगतात. म्हणून जाताना दोन रॉ डार्क न्या, एकाच आयएसओचे, लागोपाठ घेतलेले, आयएसओ, एक्स्पोजर आणि तापमान लिहिलेले. सोबत त्याच फाइल ताणून केलेले जेपीईजी. आणि वॉरंटी संपायला महिना उरला असेल तर पुढच्या अमावास्येची वाट बघू नका. या चाचणीला आकाश लागत नाही.